चौथा शोक ठराव

सभेत जे बोललं जातं आणि पुस्तकात जे लिहिलं जातं, त्या दोहोंच्या मधल्या जागेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. जागा ऐसपैस होती.

सुरतेहून पलसाण्याकडे जाताना डाइंग मिलांच्या धुराड्यांमध्ये एक नगरपालिका लागते. तिचं नाव इथे लिहीत नाही. तीन-चार नगरपालिकांना हे आपल्याबद्दलच आहे असं वाटेल, तर वाटू दे. तिथल्या सभा शाखेत मी कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. वडील सुरतेच्या मराठी शाळेत शिक्षक, त्यामुळे घरी मराठी, ऑफिसात गुजराती. मला सगळे मीनाबेन म्हणत. भेस्तानहून रोज बसने जायचं, सभेची नोटीस काढायची, सभा झाली की प्रोसिडिंग बुकात तिचा वृत्तांत उतरवायचा, एवढंच काम. गुजरातीत निवडून आलेल्या सदस्याला 'सभ्य' म्हणतात. एकतीस वर्षं मी तो शब्द लिहिला, पण हाताला त्याची सवय झाली नाही.

हे काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. जे घडलं ते लिहायचं, त्यात काय? पण जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी कोणी नोकरीवर ठेवणार नाही. एका सभेत एका सभ्यांनी दुसऱ्यांच्या अंगावर पाण्याचा ग्लास फेकला. मी लिहिलं, 'माननीय सभ्यांनी पाण्याचा प्रश्न तीव्रतेने मांडला.' पुढच्या सभेत तो वृत्तांत एकमताने मंजूर झाला आणि दोघांनीही मला येऊन सांगितलं, मीनाबेन, तुमची भाषा फार छान. ही शाबासकी मी बरीच वर्षं कौतुकाने मिरवली. आता तेवढं कौतुक वाटत नाही.

सगळ्या ठरावांत एकच ठराव असा असतो की त्यावर कोणी बोलत नाही. तो म्हणजे शोक ठराव. कोणी मान्यवर वारले की सभेच्या सुरुवातीला खुद्द प्रमुख, म्हणजे महाराष्ट्रातले नगराध्यक्ष, उभे राहून त्यांचा परिचय वाचतात. सगळं सभागृह उभं राहतं. वाचन संपेपर्यंत कोणी बसत नाही, मध्ये बोलत नाही, दुरुस्ती सुचवत नाही, विरोध तर नाहीच. परिचय पुस्तकात शब्दशः जातो. मग दोन मिनिटं मौन, आणि मृताच्या सन्मानार्थ प्रमुख सभा मुलतवी करू शकतात. करायलाच पाहिजे असं नाही. पण करू शकतात.

हे शेवटचं वाक्य प्रमुखांना मी सांगितलं. ते कधी आणि का सांगितलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या प्रमुखांना उद्घाटनाची विलक्षण हौस. मुतारीलासुद्धा त्यांनी फीत लावली होती, आणि पहिला मान कोणी घ्यायचा यावर थोडा पेच झाला होता. माणूस दुष्ट नव्हता. गोड बोलायचे, शिपायाच्या मुलीच्या लग्नाला जायचे. पण आपण केलेलं काम फीत कापल्याशिवाय झालंय असं त्यांना मनापासून वाटायचंच नाही.

साथीची दुसरी लाट आली तेव्हा मिलवाल्यांच्या मदतीने नगरपालिकेच्या हॉलमध्ये वीस खाटांचं केंद्र उभं राहिलं. ऑक्सिजनच्या बाटल्या आल्या, दोन डॉक्टरांनी पाळ्या वाटून घेतल्या. आमच्यासारख्या गावात एवढ्या दिवसांत एवढं काम झालेलं मी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं बरंच श्रेय प्रमुखांचं होतं. पण उद्घाटनाला वरच्या एका मोठ्या साहेबांची तारीख हवी होती. ती मागणारं पत्र मी टाइप केलं. संगमरवरी पाटीवर प्रमुखांचं नाव खालच्या ओळीत गेलं म्हणून पाटी परत पाठवली, ते पत्रही मीच केलं. तोवर खाटांवरच्या चादरींची घडी मोडू नये म्हणून केंद्राला कुलूप होतं आणि किल्ली प्रमुखांच्या केबिनमध्ये टेबलाच्या खणात. अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांत रुग्णवाहिकांचे आवाज केबिनमध्ये ऐकू येत होते. मला येत होते, तर त्यांनाही येत असणार. शेवटी मोठ्या साहेबांनी येणार नसल्याचं कळवलं आणि प्रमुखांनी स्वतःच फीत कापली. वर्तमानपत्रात निवेदन आलं: केंद्र तयार झाल्याच्या पहिल्या दिवसापासून जनतेच्या सेवेत रुजू आहे.

लाट ओसरली आणि सभा घ्यायची वेळ आली. दोन सभ्यांनी लेखी प्रश्न दिले होते: केंद्र नेमकं कधी उघडलं? प्रमुखांनी मला बोलावलं. नेहमी नीट विंचरलेले केस त्या दिवशी विस्कटलेले होते. त्यांनी नियमांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि काही मार्ग आहे का विचारलं. मला तेव्हा दया आली असं म्हणता येईल. खरं म्हणजे मला माझं ज्ञान दाखवायचं होतं. इतक्या वर्षांत ते पुस्तक तोंडपाठ झालं होतं आणि कोणी कधी काही विचारत नव्हतं. मी म्हटलं, साहेब, माजी प्रमुख वारलेत. शोक ठराव घेऊन सभा मुलतवी करता येते.

सभा नऊ मिनिटांत संपली. प्रश्न पुढच्या सभेवर गेले.

पुढच्या सभेला बारडोलीकडच्या एका सहकारी पुढाऱ्यांचा शोक ठराव झाला. त्यांचा आमच्या गावाशी संबंध इतकाच की त्यांची गाडी आमच्या हायवेवरून जायची. तिसऱ्या सभेला एका सभ्यांच्या सासूबाई वारल्या होत्या, त्यांना मी परिचयात 'ज्येष्ठ समाजसेविका' लिहिलं. दोन्ही वेळा सभा मुलतवी.

या तिन्ही सभांना वरच्या गॅलरीत एक बाई येऊन बसत. सभेच्या गॅलरीत बसायचा हक्क प्रत्येक नागरिकाला असतो, पण तो बजावणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, कडक उन्हात पंख्यासाठी आलेले सोडून. या बाई सभा सुरू व्हायच्या आधी यायच्या, नऊ मिनिटं सगळ्यांबरोबर उभ्या राहायच्या, आणि जायच्या.

चौथ्या सभेची नोटीस निघायची होती. सकाळी प्रमुखांनी मला आत बोलावून आवाज खाली आणून विचारलं, "मीनाबेन, कोई मोटुं माणस गुजरी गयुं छे?"

कोणी मोठं माणूस गेलंय का. ज्या वर्षी स्मशानात टोकन देऊन उभं करत होते, त्या वर्षी आमची नगरपालिका एक मेलेला माणूस शोधत होती. मी म्हटलं, बघते.

त्याच दुपारी त्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. नाव सुमनबाई, मूळ शिरपूरकडच्या, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये साड्यांच्या घड्या घालायचं काम. घरी अहिराणी बोलतात, माझ्याशी अर्धी अहिराणी, अर्धी माझ्यासारखी मराठी. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, माणूस मेला की सभा बंद पडते, असा नियम आहे ना? मी म्हटलं, रीत आहे. मग म्हणाल्या, तीन वेळा मोठंच माणूस कसं मेलं? मी म्हटलं, या वेळी अजून कोणी नाही.

"माणूस पाहिजे शे का तुम्हाले, ताई? मनाकडे सतरा शेतस."

त्यांनी पदराच्या गाठीतून वहीचं पान काढलं. त्यांच्या आणि शेजारच्या सोसायटीतली त्या लाटेत गेलेली सतरा माणसं. पाळी सुटल्यावर घरोघर जाऊन लिहिलेली. पाचवं नाव त्यांच्या नवऱ्याचं, आत्माराम. मिलमध्ये बॉयलरवर काम करायचे. केंद्र तयार झाल्याच्या नवव्या दिवशी सुमनबाईंनी त्यांना रिक्षात घालून केंद्राच्या फाटकापर्यंत आणलं. आतल्या खाटा खिडकीतून दिसत होत्या. चौकीदार म्हणाला किल्ली माझ्याकडे नाही. तो किल्ली मागायला धावत आमच्या ऑफिसात आला, तेव्हा प्रमुख बाहेर होते आणि केबिन बंद होती. रिक्षा फाटकाशीच उभी राहिली. आत्माराम तिथेच गेले.

मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं होतं, 'राहत्या घरी'. सुमनबाईंना दुसरं काही नको होतं. त्यांना कुलूप लिहून हवं होतं. त्या म्हणाल्या, पेपरमध्ये लिहिलंय दार उघडं होतं. मग माझा माणूस उघड्या दारात आत न नेता मेला, असं होतं ना? मी काय त्याला बाहेर बसवून ठेवलं?

मी प्रमुखांकडे गेले. म्हटलं, साहेब, मोठं माणूस नाही, पण साथीत गेलेल्या नागरिकांचा शोक ठराव घेता येईल. सतरा जणांचे परिचय. कुटुंबं गॅलरीत असतील. प्रमुखांचा चेहरा उजळला. केवळ सभा टळणार म्हणून नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचे डोळे खरोखर भरले. लगेच म्हणाले, फोटोग्राफर बोलवा. प्रत्येक कुटुंबाला शाल. मी विचारलं, परिचय नेहमीच्या नमुन्यात लिहू? म्हणाले, तुम्हीच लिहा, तुमची भाषा छान.

नमुना ठरलेला असतो: जन्म, शिक्षण, भूषवलेली पदं, समाजकार्य, आणि शेवटी निधन कुठे आणि कसं झालं. शेवटच्या ओळीत सहसा 'राहत्या घरी, कुटुंबीयांच्या सान्निध्यात' असं लिहितात. आठवडाभर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बायका माझ्या टेबलाशी येत, सुमनबाई शेजारी उभ्या. मी नमुन्यातले प्रश्न विचारायची आणि त्या सांगायच्या. भूषवलेली पदं? एकीने सांगितलं, कापड रंगवायच्या जेट मशीनवर, पण दिवाळीच्या घाईत सुपरवायझरचं काम बघायचा, पद मात्र दिलं नाही. मी लिहिलं, 'प्रभारी पर्यवेक्षक'. समाजकार्य? एक म्हातारी पुष्कळ विचार करून म्हणाली, पहाटे नळाला पाणी आलं की सगळ्यांची दारं वाजवायचा. मी तसंच लिहिलं. ज्यांनी सरकारी पैशाने पाणपोई बांधली, त्यांच्या परिचयात मी चार ओळी भरल्या होत्या. दारं वाजवणाऱ्याला एक ओळ पुरली, आणि ती वाचून कोणी हसणार नाही हे मला लिहितानाच कळलं.

एका बाईने शेवटच्या ओळीसाठी सांगितलं, माझ्या मुलालाही कुलूपच लागलं होतं, तसंच लिहा. सुमनबाईंनी तारीख विचारली. हिशेब केला तर केंद्र तोवर उघडलं होतं. मुलाला तिथे खाट मिळाली होती आणि तो तिथेच चौथ्या दिवशी गेला होता. ती बाई रडायला लागली. म्हणाली, एक ओळ माझी लिहिली तर काय बिघडतं? सुमनबाईंनी तिला पोटाशी धरलं, पण ओळ लिहू दिली नाही.

"खोटं एक लिखं, ना, मंग मनं कुलूपबी खोटं पडी जाई."

एक खोटं लिहिलं तर माझं कुलूपही खोटं ठरेल. मी पेन खाली ठेवलं. पुराव्याबद्दल मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, एक-दोन कायद्याची, काही इतिहासाची. हे वाक्य मला एकाही पुस्तकाने असं उभं राहून सांगितलं नव्हतं. सतरांपैकी तिघांच्या शेवटच्या ओळीत कुलूप आलं. बाकीच्यांचं जिथे जसं झालं तिथे तसं लिहिलं: सुरतेच्या इस्पितळात, घरी, एकाचं केंद्रातच, चांगली देखभाल झाली असताना. हे शेवटचंही सुमनबाईंनी आग्रहाने लिहायला लावलं.

मसुदा मी प्रमुखांकडे दोनदा पाठवला. दोन्ही वेळची पोच माझ्याकडे आहे. त्यांनी तो वाचला नाही. उभं राहायच्या आधी वाचणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सभेच्या दिवशी गॅलरी भरली. गॅलरीच्या पायऱ्यांवर, दाराबाहेर, जिन्यात माणसं. कोणी घोषणा दिली नाही. प्रमुख पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभे राहिले, सभागृह उभं राहिलं, कॅमेरे चमकले. प्रमुखांचा आवाज चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. पहिले चार परिचय त्यांनी असे वाचले की स्वतः सभ्यांनी रुमाल काढले. नळाचं पाणी, प्रभारी पर्यवेक्षक, सगळं सभागृह ऐकत होतं. मग पाचवा आला. बॉयलर विभागात एकोणीस वर्षं सेवा. एकही पाळी चुकवली नाही. मिलच्या दिवाळीच्या पूजेला बॉयलरला हार घालायचा मान त्यांचा. आणि मग त्याच सुरात, त्याच गोड आवाजात, 'यांचं निधन केंद्र तयार झाल्याच्या नवव्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी झालं. केंद्राला कुलूप होतं. उद्घाटन व्हायचं होतं. किल्ली…'

तिथे ते थांबले. पुढचा शब्द त्यांचं पद होता.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "मीनाबेन, आ शुं छे?"

मी म्हटलं, "परिचय, साहेब."

सगळे उभे होते. रीत अशी की वाचन पूर्ण झाल्याशिवाय कोणी बसत नाही. बसायचं तर वाचायला हवं, आणि मध्येच सोडायचं तर मृताचा अपमान. फोटोग्राफरनेही कॅमेरा खाली केला. तेव्हा वरून सुमनबाईंचा आवाज आला, रोज शेजारणीला हाक मारावी इतका साधा.

"वाचा, साहेब. आम्ही उभ्या शेतस."

आणि त्यांनी वाचलं. हे मला आजही नीट समजलेलं नाही. ते पान उलटू शकले असते, घसा बसला म्हणू शकले असते. राजकारणात घसा बसवता येतो. पण त्यांनी वाचलं: 'किल्ली प्रमुखांच्या कार्यालयात होती.' उरलेले बारा परिचय वाचले. आणखी दोनदा कुलूप आलं, दोन्ही वेळा वाचलं. शेवटी शेवटी आवाजातली गोडी गेली होती आणि मला वाटलं, हा त्यांचा खरा आवाज आपण इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय. दोन मिनिटं मौन झालं. ठराव सर्वानुमते, कारण शोक ठराव तसाच होतो.

मग सवयीने त्यांचा हात मुलतवीच्या कागदाकडे गेला. सुमनबाई अजून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, माझ्या माणसाने कधी पाळी सोडली नाही, त्याच्या नावाने सुटी घेऊ नका. गॅलरीतून कोणी बोलायचं नसतं. त्यांना थांबवायचं काम माझं होतं. मी खाली बघून लिहीत राहिले.

सभा मुलतवी झाली नाही. प्रश्न पुकारले गेले. केंद्र कधी उघडलं? प्रमुखांनी उभं राहून सांगितलं, अकरा दिवसांनी. कुलूप कोणी ठेवायला सांगितलं? म्हणाले, मी. का? म्हणाले, तारीख आली नव्हती. मी ते जसंच्या तसं लिहिलं. भाषा अजिबात छान नव्हती.

पुढे जिल्ह्याच्या कार्यालयाने प्रोसिडिंग मागवलं. स्वतः वाचलेला, सर्वानुमते मंजूर झालेला ठराव प्रमुखांना नाकारता येईना. त्यांना पद सोडावं लागलं. केंद्र कुठलंही असो, किल्ली केंद्रावरच राहील आणि ते उद्घाटनासाठी थांबणार नाही, असा एक ठरावही झाला. माझ्या मते माझ्या काळातला तो एकमेव वाचण्यासारखा ठराव. आमचे ते प्रमुख आता एका मंदिराच्या समितीवर आहेत. तिथे फिती बऱ्याच असतात. रस्त्यात भेटले की मला नमस्कार करतात, आणि मीही करते.

वृत्तांत मंजूर झाल्यावर सुमनबाई नक्कल घ्यायला आल्या. त्यांना मराठी वाचता येतं, गुजराती लिपी येत नाही. म्हणाल्या, दाखवा. मी आत्मारामचं नाव दाखवलं. मग बोट सरकवून कुलपासाठीचा गुजराती शब्द दाखवला, ताळुं. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. बोटाखाली तो पूर्ण झाकला गेला. म्हणाल्या, एवढासाच? मी म्हटलं, एवढासाच, पण हे पुस्तक खोडता येत नाही. मग मी दाखवलेला किल्लीचा शब्द त्यांनी बघितला, आणि किल्लीपुढचं पद जास्त वेळ बघितलं.

शेवटी विचारलं, "तुमनं नाव कोठे शे, ताई?"

मी म्हटलं, लिहिणाऱ्याचं नाव पुस्तकात नसतं. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्या बोट ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांनी त्या रडणाऱ्या आईला एक खोटी ओळ लिहू दिली नव्हती. म्हणून मी सांगितलं. पहिली सभा मुलतवी करायची वाट मीच दाखवली. पाटीचं पत्र मी टाइप केलं, तारखेचं पत्र मी टाइप केलं, किल्ली कुठल्या खणात आहे हे मला अकरा दिवस माहीत होतं.

बाहेर मिलचा भोंगा झाला, त्यांच्या पाळीची वेळ होती. त्या निघतील असं वाटलं. त्यांनी नक्कल माझ्यापुढे ठेवली.

"मंग उभ्या राहीसन वाचा. पहिल्या नावपाईन."

शाखेत चार जण काम करत होते, त्यांनी माना वर केल्या. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले आणि पहिल्या नावापासून वाचायला लागले.